आज की उद्या

बाई, तुमच्या शोकसभेत मी बोललो नाही. नाव पुकारलं तेव्हा हात जोडून मान हलवली आणि बसून राहिलो. लोकांना वाटलं, डॉक्टरांना गहिवरून आलंय. गहिवर नव्हता, राग होता. स्टेजवर एकामागून एक माणसं उठत होती आणि तुम्हाला माउली, देवमाणूस, गोरगरिबांची संजीवनी असलं काहीबाही म्हणत होती. तुम्ही असतात तर दुसऱ्याच भाषणाला चष्मा पुसायला काढला असतात आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला असतात, "विनायक, यातल्या तिघांचं हर्नियाचं ऑपरेशन राहिलंय. खाली उतरले की धर त्यांना."

मला जे बोलायचं होतं ते माइकवर बोलण्यासारखं नव्हतं. ते भांडण आहे, आपलं जुनंच. तुम्ही ते अर्धं टाकून गेलात, आणि अर्धं भांडण मला पचत नाही हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं.

मी तुमच्याकडे भूल द्यायला आलो तेव्हा आपलं हॉस्पिटल म्हणजे खाली तपासणीच्या दोन खोल्या, वर एक लांबट वॉर्ड आणि मागे थिएटर, एवढंच होतं. मी महाडातल्याच एका शिक्षकाचा मुलगा, पुण्यात शिकलेला, आणि शिकून आलोय हे कुणाला विसरू न देणारा. पहिल्याच आठवड्यात पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून एक म्हातारा आला. पित्ताशयात खडे, अंगात ताप. तुम्ही तपासलंत, ऑपरेशन करावं लागेल म्हणालात. त्याचा थोरला मुलगा डोक्यावरचा टॉवेल काढत म्हणाला, "आयला इचारून येतो."

मला वाटलं, म्हातारी घरी असेल. तुम्ही मात्र विचारलंत, "जा. पण काय विचारणार ते मला सांगून जा."

"करायचा का नाय, त्या."

"ते नाही विचारायचं. करायचंय, ते मी सांगितलं. त्यात आईला कशाला त्रास? तिला एवढंच विचार, आज करू की उद्या. आज असेल तर उजवा दे म्हणावं, उद्या असेल तर डावा."

मुलगा थोडा घोटाळला. मग त्याला ते पटलं. देवीला विचारल्यासारखंही झालं आणि बाईंचं ऐकल्यासारखंही. तो गेला. आई म्हणजे गावची देवी आणि विचारणं म्हणजे कौल लावणं, हे मला तुम्ही हात धुताना समजावून सांगितलंत. गुरव देवीच्या पाषाणाला पाण्यानं फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. गाऱ्हाणं घालतो. जी आधी पडेल ती देवीची मर्जी. विहीर कुठे खणावी, मुलगी कुठे द्यावी, पोट कापून घ्यावं की नाही, सगळं त्या पाकळ्यांवर. मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

दिवस कलायच्या आत मुलगा परत आला. "आज बोलली," म्हणाला. म्हाताऱ्याचं पोट तोवर रिकामं झालं होतं, भूल द्यायला सोयीचं. मास्क बांधता बांधता तुम्ही म्हणालात, "बघ, देवीनं तुझंही काम करून ठेवलं."

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं. दुपारचे पेशंट संपले की कुंदा सिस्टर चहा आणून ठेवायच्या, आणि कप खाली ठेवताना म्हणायच्या, "झालं का सुरू?" मी म्हणायचो, तुम्ही देवीलाही फसवता आणि पेशंटलाही. तुम्ही म्हणायचात, "फसवते कुठे? ज्याचं काम त्याला देते. कापायचं की नाही ते मला कळतं. कधी कापायचं ते देवीनं ठरवलं तर माझं काय बिघडतं? थिएटर आज रिकामं आहे, उद्याही रिकामं आहे."

"आणि लोकांची अंधश्रद्धा वाढते ते?"

"तुझ्या शहाणपणानं किती माणसं घाट उतरून खाली आली, सांग."

इथे मी चहाचा कप उचलायचो, कारण खरंच, माझ्या शहाणपणानं कुणी आलं नव्हतं. तुमच्या प्रश्नानं येत होती. ज्या वाड्यांत डॉक्टर म्हणजे सगळे उपाय थकल्यावर जायचं ठिकाण होतं, तिथली माणसं वेळेवर यायला लागली. शिवथरच्या खोऱ्यातून, तुडीलकडून, पार वरच्या कोंडांतून, डोंगरातल्या एकेकट्या वस्त्यांतून. त्यांचं कारण साधं होतं. बाई देवीचा शब्द मोडत नाहीत. देवीनं उद्या सांगितलं असेल तर थिएटर मोकळं असून, मी हात चोळत बसलेलो असून, तुम्ही उद्याच करायचात. एकदा मी वैतागून म्हणालो, आज काय हरकत आहे, त्यांना कोण सांगायला जातंय? तुम्ही म्हणालात, "मला कळेल ना." तुमचा हट्ट असा होता. एकदा एखादी गोष्ट मानली की तिचा काच स्वतःलाही लावून घ्यायचा.

मी नुसताच भांडलो असं नाही, बाई. नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं की तुम्ही जिन्याच्या मधल्या वळणावर खुर्ची टाकून बसायचात, खालचा एकेक पेशंट वर गेल्याशिवाय उठायचा नाहीत, आणि आम्हाला वाटायचं, पाणी या बाईला ओलांडून वर जाणार नाही. माझे वडील आपल्याच वॉर्डात गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांना कुणी ओळखू येत नव्हतं, पण तुम्ही राउंडला आलात की ते उठून बसायचा प्रयत्न करायचे. तुम्ही त्यांना "गुरुजी, आज तब्येत कशी?" असं विचारायच्या आधी त्यांच्या अंगावरची चादर सारखी करायचात. ते गेल्यावर तुम्ही मला लांबलचक सुट्टी दिली नाहीत. दुसऱ्या आठवड्यात थिएटरमध्ये उभं केलंत आणि दिवसभर मला तेवढंच काम दिलंत, ज्यात माणसाला रडता येत नाही. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आता मानतो.

पण वनिताचं काय करू?

ती पोलादपूरच्या बाजूची. लग्न होऊन वर्षही झालं नसेल. संध्याकाळी आणली तेव्हा पोट फुगलेलं, उलट्या होत होत्या. आतड्याला पीळ. तुम्ही तपासून म्हणालात, सलाईन लावा, नळी टाका, थोडा वेळ बघू. नवरा मुंबईला कामाला, फोनवर नुसतं "बाई म्हणतील तसं" म्हणत होता. सासू मात्र वॉर्डाच्या दारात पदर आवळून बसली होती. तिनं गावाला फोन लावला, दिराला गुरवाकडे पाठवलं. प्रश्न तुमचाच, आज की उद्या. फोन आला, डावा. उद्या.

सकाळी आपण तिला घेतलं. पोट उघडलं तेव्हा आतडं काळं पडलेलं होतं. मी डोक्याशी होतो, रक्तदाब उतरत होता, औषधं चढवत होतो आणि तो उतरतच होता. ती टेबलावरच गेली. तुम्ही हातमोजे काढून तशाच उभ्या राहिलात. बाहेर सासूला सांगायला तुम्हीच गेलात. ती तुम्हाला काही बोलली नाही. उलट तुमचेच हात धरून म्हणाली, "आयची मर्जी. तुमी काय करनार, बाय."

मी बोललो. कॉरिडॉरमध्ये, कुंदा सिस्टरच्या देखत. "देवीनं एक रात्र मागितली, बाई, आणि तुम्ही देऊन टाकलीत." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि खाली तपासणीला निघून गेलात. ते वाक्य कठोर होतं, पण मी ते मागे घेतलं नाही. आजही घेत नाही.

त्यानंतर तुमचा प्रश्न बदलला, हे माझ्या लक्षात आलं. तातडीचं काही असलं तर तुम्ही म्हणायला लागलात, "दिवे लावायच्या आधी करू की नंतर, एवढंच विचारा." कधी तर, "मी चहा घेऊन करू की न घेता करू?" आणि लोक खरंच तेही विचारून यायचे. देवीला एवढी बारीकसारीक चौकशी त्यापूर्वी कुणी केली नसेल. मला हसू यायचं, आणि मग वनिता आठवायची. आपण दोघंही तिचं नाव पुन्हा काढत नव्हतो. चहाच्या वेळचं भांडण चालू होतं, पण त्यातली धार गेली होती. एका जागी येऊन दोघंही वळसा घालून पुढे जायचो.

तुमच्या डोळ्यांचा रंग मी तुमच्या आधी पाहिला. थिएटरच्या दिव्याखाली टोपी आणि मास्क यांच्यामध्ये माणसाचे फक्त डोळेच दिसतात. तुम्ही टाके घालत होतात आणि डोळ्यांचं पांढरं पिवळं होतं. मी ऑपरेशन संपेपर्यंत थांबलो. मग म्हणालो, "बाई, आरशात बघा." तुम्ही हात धुवायच्या बेसिनपाशी गेलात, बोटानं खालची पापणी ओढलीत, बराच वेळ बघितलंत. "हं," म्हणालात. "आता तपासण्यांचं लचांड."

स्वादुपिंडाच्या तोंडाशी गाठ निघाली. मुंबईच्या सर्जननं सगळे फोटो बघून सांगितलं, मोठं ऑपरेशन आहे, पण होण्यासारखं आहे, लवकर या. मी गाडी सांगितली. तुम्ही म्हणालात, मार्च जाऊ दे. चवदार तळ्यावर दरवर्षी माणसांचा समुद्र लोटतो, उन्हानं चक्कर आलेली, पायाला फोड आलेली, उपाशी चाललेली माणसं आपल्या मांडवात येतात, आणि तो प्रथमोपचाराचा मांडव तुम्ही एकदाही चुकवला नव्हता. याही वर्षी बसलात, अंगावर हळद चढल्यासारख्या पिवळ्या. लांबून आलेल्या एका म्हाताऱ्यानं तुमच्याकडून नाडी बघून घ्यायच्या ऐवजी तुम्हालाच विचारलं, "ताई, तुम्हाला बरं नाही का?" तुम्ही त्याला पाणी पाजलंत आणि सावलीत बसवलंत. मी मागे उभा राहून चरफडत होतो.

मार्च सरला. मी पुन्हा गाडी सांगितली. तेव्हा तुम्ही तुमच्या खोलीचं दार लोटून घेतलंत आणि म्हणालात, "एक काम कर. माझ्या माहेरच्या देवीला कौल लावून ये."

मला वाटलं, चेष्टा करताय. तुम्ही चेष्टा करत नव्हतात.

"मी? कुंदा सिस्टरना पाठवा. त्या हौसेनं जातील."

"कुंदा काहीही पडलं तरी उजवाच सांगेल. तू खोटं बोलणार नाहीस. तेवढा एक गुण आहे तुझ्यात." मग तुम्ही प्रश्न सांगितलात. "विचार, ऑपरेशन करावं की करू नये. करावं असेल तर उजवा."

मी तो प्रश्न घेऊन गेलो, बाई, डाक पोचवायला निघाल्यासारखा. डोक्यात दुसऱ्या दिवशीचे पेशंट होते, मुंबईच्या सर्जनचा फोन होता, आणि एक चीड होती की एवढी शिकलेली बाई स्वतःच्या जिवाची वेळ आली तेव्हा पाकळ्यांकडे बघते. तुम्ही मला काय विचारायला पाठवलंत, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

शिवथरच्या खोऱ्यातलं ते देऊळ मी पहिल्यांदाच बघत होतो. कौलारू, पुढे मोकळं अंगण, कडेला आंब्याचं झाड. गुरव ओले हात पुसत आला. तुमचं नाव सांगितल्यावर त्यानं आधी कपाळाला हात लावला. "बाय बऱ्या हायत ना?"

"आजारी आहेत. ऑपरेशनचं विचारायचंय."

"इचारू की. आज का उद्या?"

"नाही. करावं की करू नये."

तो थांबला. हातातलं फूल तसंच होतं. "बायनी असाच सांगितलाय? आमच्याकडे बायंची मानसा येतात ती कवा असा इचारीत नाय."

"असंच सांगितलंय," मी म्हणालो. मला उशीर होत होता.

"बरा. मंग ती काय बोलंल ती बोलंल."

त्यानं पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं, त्यात तुमचं नाव, तुमच्या वडिलांचं नाव, तुम्ही खोऱ्यातल्या किती लेकरांची नाळ कापलीत ते सगळं आलं. मग आम्ही दोघं उभे राहिलो. मी भूल देणारा माणूस, टक लावून बसणं हाच माझा धंदा. मला कारणं दिसत होती. दगड एका बाजूनं थोडा उतरता होता. डावीकडे दारातून वारा येत होता. तिकडची पाकळी आधी सुकणार, आधी पडणार, हे शाळेतल्या पोरानंही सांगितलं असतं. आणि तरी, बाई, मी मनात उजवीला म्हणत होतो, पड. पड ना गं.

डावी पडली.

गुरवानं माझ्याकडे बघितलं नाही. पाकळी उचलून देवीच्या पायाशी ठेवली. "पुन्ना लावू?" त्यानं हळूच विचारलं. मी म्हणालो, नको. मला ते पाकळ्यांचं नाटक एकदा पुरे होतं. एकदा विचारलं काय आणि दहादा विचारलं काय, त्यानं गाठ थोडीच बदलणार होती.

परत आलो तेव्हा तुम्ही वॉर्डात राउंड घेत होतात, भिंतीला हात टेकत टेकत. खोलीत आलात, बसलात. मी सांगितलं, डावा.

"प्रश्न मी सांगितला तसाच विचारलास ना?"

"तसाच," म्हणालो, आणि ते म्हणताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं तुम्ही ज्या प्रश्नाला देवळाची पायरी चढू दिली नव्हतीत, तोच तुम्ही माझ्या हाती पाठवला होता. "बाई, हा प्रश्न तुम्ही कुणाला विचारू दिला नाहीत."

"नाही दिला."

"मग स्वतःसाठी का?"

तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. "सगळ्यांच्या वेळी मला उत्तर माहीत होतं रे. या वेळी नव्हतं."

मी उभाच होतो. मी म्हणालो, मी आत्ता परत जातो. आज की उद्या, असं विचारून येतो. तुम्हाला हसू फुटलं, आणि हसताना पोटात कळ आली म्हणून तुम्ही कूस धरलीत. "तू? कौल लावायला? दोनदा? कुंदाला बोलव, मला तिला हे सांगायचंय." मी हसलो नाही. मी ओरडलो. बाई, ते फूल आहे, पाणी सुकलं की पडतं, दगड उतरता आहे, मी डोळ्यांनी बघून आलोय. तुम्ही म्हणालात, "मला काय सांगतोस, मी त्या देवळात खेळत मोठी झाले. त्या देवीचा डावा कौल जास्त पडतो हे गावात सगळ्यांना माहीत आहे."

"मग?"

"मग काय. पडला ना."

पुढचे कितीतरी दिवस मी तुमच्या मागे लागलो होतो. मुंबईच्या सर्जनना फोनवर आणलं. तुमच्या भाच्याला बोलावून घेतलं, तो बिचारा आला आणि तुमच्या पायाशी बसून रडून गेला. कुंदा सिस्टरनी उपास धरला, तो तुम्ही त्यांना दटावून सोडायला लावलात. शेवटी एका दुपारी तुमच्या खोलीत पडल्या पडल्या तुम्ही मला म्हणालात, दार लाव. तुमचा आवाज तोवर बारीक झाला होता.

"वनिताच्या वेळी," तुम्ही म्हणालात. बाई, मी ते नाव तुमच्या तोंडून त्या दिवसानंतर पहिल्यांदा ऐकलं. "मी झोपायच्या आधी तिला पुन्हा तपासलं होतं. पोट हाताला कडक लागत होतं. मला कळलं होतं, सकाळपर्यंत थांबण्यासारखं नाही. तू त्या रात्री वरच्या खोलीत झोपला होतास, तुला उठवायला मी जिन्यापर्यंत आले. दारात सासू बसली होती. ती म्हणाली, बाय, आयनं उद्या सांगितलाय, तुमी कवा मोडत नाय. आणि मी मागे फिरले."

मी पाण्याचा पेला तुमच्या हाती दिला, तुम्ही एक घोट घेतलात.

"तो शब्द मी तिच्यासाठी मोडला नाही. तिला त्यात मरू दिलं. आता स्वतःच्या वेळी मोडू?"

मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. मी भांडणात कधी हरत नाही असा माझा लौकिक, आणि मी तुमच्या पलंगाच्या कडेला बसून तुमच्या पायांवरची चादर नुसती सारखी करत राहिलो. तुम्ही डोळे मिटलेत. थोड्या वेळानं म्हणालात, "जा, खाली पेशंट असतील." आणि मी गेलो. खरंच पेशंट होते.

त्यानंतर फार दिवस उरले नव्हते. वेगळी खोली नको म्हणून तुम्ही वॉर्डातल्याच खिडकीजवळच्या पलंगावर राहिलात. पलीकडच्या बाईचं सलाईन संपत आलं की सिस्टरना हाक मारायचात. दुखायला लागलं की मी औषध द्यायचो, तेवढं एक काम तुम्ही माझ्याकडून निमूट करून घेतलंत. सकाळी कुंदा सिस्टर वेणी घालायला आल्या तेव्हा तुम्ही गेलेल्या होतात. त्यांनी तरी वेणी घातली. सावित्री नदीच्या काठी इतकी माणसं जमली की पोलिसांना रस्ता मोकळा करावा लागला. वरच्या कोंडांतली म्हातारी माणसं उन्हात चालत आली होती, आणि जो तो एकमेकांना सांगत होता, बायनी आयचा शब्द पाळला. जणू तुम्ही मेलात हे तुमचं सगळ्यात मोठं काम होतं. मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं.

आता पुढचं ऐका. हे तुम्हाला माहीत नाही.

तुम्हाला जाऊन महिना होत नाही तोच वरच्या एका वाडीतून एक माणूस आणला. पोट दुखतंय, ताप, आंत्रपुच्छ फुटायच्या बेतात. आपला नवा सर्जन तरुण आहे, माझ्या तोंडाकडे बघतो. त्या माणसाचे दोघे भाऊ माझ्यापुढे हात बांधून उभे राहिले. "बाय आमाला आयला इचारून यायला सांगायच्या." आणि बाई, माझ्या तोंडून तुमचंच वाक्य गेलं. मी म्हणालो, विचारा, आज करू की उद्या. कसं गेलं ते मला कळलं नाही. इतकी वर्षं ज्याच्याशी भांडलो तेच.

फोनवर कौल आला. उद्या.

मी वर जाऊन त्याच्या पोटावर हात ठेवला. कडक होतं. त्याची बायको उशाशी उभी होती. मी तिला म्हणालो, आत्ता घेतलं नाही तर हा जाईल, देवी काहीही म्हणो. तिनं दिरांकडे बघितलं नाही. "घ्या," म्हणाली, आणि अंगठा दिला. भाऊ जिन्यात उभं राहून ओरडत होते की बायनी असा कवा केला नाय, बायंच्या मागं हितं धर्म राह्यला नाय. आम्ही त्याला घेतलं.

तो वाचला. टाके निघाले, चालत घरी गेला. जाताना भावांनी माझ्याकडे वळून बघितलं नाही. परवा कुंदा सिस्टर सांगत होत्या, त्याच वाडीतली एक अडलेली बाळंतीण घेऊन जीप खाली आली, आणि आपल्या दारावरून न थांबता पुढे गेली. त्या दारात उभ्या होत्या, त्यांनी हातही केला. जीप थांबली नाही. त्या बाईचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलेलं नाही.

तेव्हा तुमचं बरोबर होतं, बाई. एक शब्द मोडला की एक माणूस वाचतं आणि एक वाडी तुटते. हे तुम्ही जाणून होतात, म्हणून त्या जिन्यावरून मागे फिरलात, आणि म्हणून त्या खिडकीपाशी पडून राहिलात. मी या उत्तरावर रोज येतो आणि रोज तिथून परत फिरतो, कारण ते मला मान्य नाही.

त्या दुपारी मला सुचलं नव्हतं ते आता सांगतो. मोडायला हवा होता. वनितासाठी तुम्ही मोडायला हवा होता, सासूला ओलांडून मला हाक मारायला हवी होती, मी जिन्याच्या वरच झोपलो होतो. आणि तुमच्या वेळी तुम्ही मोडणार नव्हतात, तर मी मोडायला हवा होता. खोटं बोलायला हवं होतं. नाही जमलं, तर तुम्हाला उचलून गाडीत घालायला हवं होतं. तुम्ही हातपाय झाडले असतेत, मला शिव्या दिल्या असत्यात, हॉस्पिटलमधून काढून टाकलं असतंत. आयुष्यभर माझ्याशी एक शब्द बोलला नसतात, तरी चाललं असतं मला.